सगळ्यांत मागचं कार्ड

मंगळवारी दुपारी दादा गेला. तो कामावर होता, मी कॉलेजात शिकवत होते. फोन आला, मी वर्ग सोडला, ऑटोने दवाखान्यात पोहोचले. तोवर तो गेला होता.

पुढच्या आठवड्यात त्याच्या कामावरचे दोघे जण त्याची बॅग घरी आणून देऊन गेले. मिहानमध्ये विमानांची देखभाल होते तिथे तो तंत्रज्ञ होता. बॅगेत डबा होता, तो धुतलेला. म्हणजे जेवण झालं होतं. चष्म्याचं घर होतं, गुडघ्याला चोळायचं मलम होतं आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. तिच्यात मध्यावर दातांच्या दवाखान्याचं एक कार्ड खोचलेलं होतं. बाकीच्या वस्तू मी जागच्या जागी ठेवल्या. कादंबरी कुठे ठेवावी ते कळेना. ती मी माझ्या कापडी पिशवीत टाकली, कारण रविवारी ती तिथेच असायची.

आम्ही बहीण-भाऊ मूळचे काटोलचे. त्यानं लग्न केलं नाही. मी केलं आणि काही वर्षांनी परत आले. तेव्हापासून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो. तेरवी काटोलला झाली. येणारी माणसं आधी वहिनीला शोधत, मग मुलांना, आणि कोणीच सापडलं नाही की माझ्यापाशी येऊन बसत. बहिणीशी काय बोलायचं हे फारसं कोणाला माहीत नसतं. यंदा संत्र्याचा बहर कसा आहे, इथपर्यंत बोलणं यायचं आणि थांबायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही थोडं त्राण लागतं.

त्या कादंबरीबद्दल आता सांगायला हवं.

जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या एका दुकानावर पहिल्या मजल्याला दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरबाई सिंधी आहेत. त्या मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात आणि कादंबऱ्या वाचतात. माझी दाढ काढायला गेले तेव्हा आमची ओळख झाली. रविवारी दवाखाना बंद असतो, त्यामुळे सकाळी आम्ही काही वाचणारी माणसं त्यांच्या वेटिंग रूममध्ये जमायचो. डॉक्टर, मी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, आणि आजीच्या कवळीच्या निमित्ताने आलेली व मग येतच राहिलेली एक इंजिनीअरिंगची मुलगी. दादा मला स्कूटरवर घेऊन यायचा आणि आमचं होईपर्यंत कोपऱ्यात बसून भिंतीवरचे हिरड्यांच्या रोगांचे तक्ते वाचायचा. ते सगळे वाचून झाले तेव्हा डॉक्टरांनी एका मालिकेचं पहिलं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. हे घ्या, तक्त्यांपेक्षा बरं आहे, म्हणाल्या. अशी ती मालिका आमच्यात आली. आधी त्याच्याकडे, मग सगळ्यांकडे.

मालिका डार्क एल्फ लोकांची आहे, इंग्रजी परीकथांतली माणसांसारखी एक जमात. डोंगराच्या पोटात त्यांचं शहर आहे. वर उजेडात राहणाऱ्यांची समजूत अशी की हे लोक शापित, रंगाने काळे तसे मनानेही काळे, आणि ऊन लागलं की मरतात. खाली हवा यावी म्हणून डोंगरात उभी भुयारं खोदलेली आहेत, आणि ती साफ ठेवणं हे एका घराण्याचं काम. त्या घराण्यातली एक मुलगी भुयार झाडत झाडत एके दिवशी पार वरपर्यंत चढते, उन्हात येते आणि मरत नाही. पहिलं पुस्तक तिथे संपतं. तिचा धाकटा भाऊ खालीच राहिलेला असतो. पुढची सहाच्या सहा पुस्तकं एका प्रश्नावर चालतात: त्याच्यासाठी ती परत खाली उतरणार की नाही.

मी मराठी शिकवते. असली पुस्तकं माझ्या वाटेला कधी आली नव्हती आणि मी ती वाचीन असं मला वाटलंही नव्हतं. पण आम्ही सगळेच त्यात अडकलो. प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि प्रत्येक जण ते दर रविवारी नव्याने मांडायचा. काकांना खालच्या शहराची व्यवस्था आवडायची. दिवस-रात्र नाही, तरी सगळं वेळच्या वेळी होतं, म्हणायचे. आपल्याकडे उजेड असून होत नाही. डॉक्टरांचं मत असं की प्रत्येक पुस्तकात शंभर पानं फुकटची आहेत. "इतक्या वेळात माझं रूट कॅनल होतं," त्या म्हणायच्या, "और पेशंट को कम दुखता है."

इंजिनीअरिंगच्या मुलीला मात्र मालिकेचा राग यायचा आणि तीच सगळ्यांत आधी पुस्तकं संपवायची. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. घरात वादविवादाची सवय. तिचं म्हणणं असं, की खालच्या अख्ख्या शहरात ही एकटीच चांगली आणि बाकीचे सगळे जसे सांगितले तसेच वाईट, हे कसं? लिहिणारा वरचा आहे, म्हणून त्याला एकच चांगली सापडली. काका म्हणायचे, अगं, गोष्टीला एक नायिका लागते. त्यावर ती म्हणायची, नायिका एक असू द्या, माणसं तर जास्त असू द्या. मला ते पटायचं. मी तसं बोलले नाही फारसं. मी तिथे ऐकायला जायची.

दादाचं मत हवेवर होतं. इतक्या खोल, इतकी माणसं, स्वयंपाकाचा धूर, भट्ट्या; तेवढी हवा चार भुयारांतून कशी पुरते? ओढणारं काही आहे का? दुसऱ्या पुस्तकातला नकाशा त्यानं भिंग लावून पाहिला. काकांनी एकदा एल्फला मराठीत यक्ष म्हणू या असं सुचवलं, तर त्याला ते मान्य झालं नाही. "यक्ष तं प्रश्न इचारते, काका. हे बिचारे नुसती हवा मांगून राहिले." मुलगी त्या दिवशी इतकी हसली की खालच्या दुकानातला माणूस वर पाहायला आला.

आणि गोष्टीतली मुलगी परत खाली जाणार याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती. बाकी सगळे दर पुस्तकाला मत बदलायचे. मी त्याला एकदा विचारलं, इतक्या खात्रीनं काहून सांगून राहिला गा? तो स्कूटरचा ब्रेक पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "भाऊ खाली हाय ना तिचा. वापस जाते ती. पाहजो."

आमच्या मंडळाचा एक नियम होता. पहिल्या पुस्तकाच्या वेळी काकांनी पुढे मरणाऱ्या एका पात्राचं मरण चहा पिता पिता सांगून टाकलं, आणि मुलगी दोन रविवार आली नाही. तेव्हापासून ठरलं, की आल्याबरोबर प्रत्येकाने आपलं पुस्तक टेबलावर ठेवायचं. खूण म्हणून सगळ्यांकडे दवाखान्याचीच कार्डं होती, पेशंटला पुढची तारीख लिहून देतात ती. ज्याचं कार्ड सगळ्यांत मागे, बोलणं त्याच्या पानापर्यंतच. पुढचं ज्यांनी वाचलं असेल त्यांनी गप्प बसायचं. घरी हवं तितकं वाचा, संपवून टाका, पण रविवारी मागच्याच्या पानावर थांबायचं.

सगळ्यांत मागे नेहमी दादा असायचा. त्याच्या कामात आधीच्या शिफ्टने काय केलं ते तपासल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. पुस्तकही तो तसंच वाचायचा. उघडलं की आधी मागची दोन पानं पुन्हा, मग पुढचं. इंग्रजी शब्द अडला तर पान तिथेच थांबायचं. मी पटपट वाचणारी, पण त्याच्या पुढे जात नसे. घरात दोघंच; जेवताना माझ्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं असतं. म्हणून आमच्या दोघांत एकच प्रत आणि एकच कार्ड होतं. संध्याकाळी तो चहा घ्यायला उठला की मी पुस्तक घ्यायची आणि त्यानं कार्ड सरकवलं असेल तिथवर वाचून परत ठेवायची.

मुलगी त्याला चिडवायची. "दादाकाका, विमान पण असंच मागे जाऊन जाऊन नेता का?" तो म्हणायचा, "मी नाही नेत बाई. मी सोडतो फक्त." एरवी सगळे थांबायचे. ते कोणाला जड जातंय असं मला कधी दिसलं नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. जमेल तेव्हा या, एवढंच बोलल्या. मी गेले, कारण घरी रविवारची सकाळ सरत नव्हती. मेट्रोने इंदोरा चौकापर्यंत आणि पुढे ई-रिक्षाने. जिना चढताना मला धाप लागली. वर सगळे होते. कोपऱ्यातली खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कोणी बसलंही नव्हतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि सवयीने टेबलावर ठेवलं. बाकीच्यांची पुस्तकं तिथे होतीच. काकांचं सहावं, डॉक्टरांचं सातवं, मुलीचंही सातवं, तिचं कार्ड पार शेवटच्या पुठ्ठ्याशी. माझं चौथं, मध्यावर कार्ड.

सगळ्यांनी ते पाहिलं. मग काकांनी घसा साफ करून चौथ्या पुस्तकाच्या पूर्वार्धातली एक गोष्ट काढली, जी आम्ही उन्हाळ्याआधीच बोलून संपवली होती. डॉक्टर त्यावर काहीतरी म्हणाल्या. मीही एक वाक्य बोलले. मग चहा आला.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, हे लोक दादाचा मान राखताहेत. त्याचं कार्ड जिथे थांबलं तिथेच हे थांबले आहेत, आणि इतक्या मायेनं केलेली गोष्ट नको म्हणणारी मी कोण? म्हणून मी दर रविवारी पुस्तक घेऊन जायची आणि टेबलावर ठेवायची. मध्ये कधीतरी घरी वाचून पाहिलं. उघडायची, त्याच्यासारखी मागची दोन पानं वाचायची, कार्डापाशी यायची आणि बंद करायची. त्या पानावर गोष्टीतली मुलगी एका घराच्या गच्चीवर उभी आहे आणि पाऊस येईल का ते कोणालातरी विचारते आहे. विशेष काही नाही. पण दादानं वाचलेलं शेवटचं वाक्य कोणतं, पानावरचं वरचं की खालचं, हे मला कार्डावरून कळत नव्हतं आणि त्याच्या पुढे जायची मला इच्छाही नव्हती.

खोलीतलं बोलणं हळूहळू आटलं. त्याच त्या साडेतीन पुस्तकांवर किती बोलणार? काका वर्तमानपत्र आणू लागले. डॉक्टर एका रविवारी चुकून म्हणाल्या, लेकिन जब वो लोग ऊपर का दरवाजा... आणि थांबल्या, टेबलाकडे पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा फोडायला उठल्या. मुलगी बोलायचीच नाही. सगळ्यांत जास्त भांडणारी ती, पण आता भिंतीवरचे तक्ते वाचत बसायची. मला वाटलं, तिचं मन उडालं असेल. सगळंच असं एक दिवस संपतं, हेही संपेल, असं मनात येई. त्याचं दुःखही वेगळं काढून ठेवण्याजोगं नव्हतं. आधीच्या ढिगावर आणखी थोडं.

मग एका रविवारी निघताना मुलगी माझ्याबरोबर जिना उतरली. खाली दुकानात कापडाचे तागे उलगडून दाखवणं चालू होतं, गिऱ्हाईकांची गर्दी होती. ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, तिला पुण्याला नोकरी लागली आहे, महिनाअखेरीस जायचं आहे. मी म्हटलं, छान झालं. खरंच छान झालं होतं. ती तरी हलली नाही.

"मॅडम, रागावू नका," ती म्हणाली. "मला शेवटाबद्दल बोलायचं होतं. एकदा. तिकडे ही पुस्तकं वाचलेलं माझ्या ओळखीचं कोणी नाही. पण तुमचं कार्ड पुढे सरकत नाही."

मी म्हटलं, ते कार्ड दादाचं आहे.

"दादाकाकांचं आता सरकणार नाही ना," ती हळूच म्हणाली. "आम्ही तुमच्यासाठी थांबलो आहोत."

मला काही क्षण समजलं नाही. मग समजलं. मी त्यांच्यासाठी पुस्तक टेबलावर ठेवत होते आणि ते माझ्यासाठी तिथे थांबत होते. एकानेही विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर दुसऱ्याला दुखलं असतं. नियम मागच्याचा होता, आणि मागचा कोण हे कोणालाच मोठ्याने म्हणायचं नव्हतं. डॉक्टर आणि काकांनीही हेच धरलंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, काका म्हणतात, वर्षभर थांबावं लागलं तरी थांबू. त्यांना तरी कुठे जायचंय? मग तिला तिचंच बोलणं कसंतरी वाटलं आणि ती पायरीकडे पाहत राहिली.

मी तिला म्हटलं, पुढच्या रविवारी बोल. घरी आले आणि आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही. आठवड्यात पुढची सगळी पुस्तकं संपवून टाकावीत असंही एकदा वाटलं. पूर्वी मी ते सहज केलं असतं. पण आता वाचायला बसले की डोळे ओळीवरून चालत आणि आत काही येत नसे. तेव्हा जे होतं ते तसंच घेऊन जायचं ठरवलं.

त्या रविवारी मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, कार्ड तिथेच राहू द्या, आज तुम्ही पुढचं बोला. काका म्हणाले, अहो, पण तुम्हाला शेवट कळेल. मी म्हटलं, कळू द्या. ते तरी अवघडून बसले होते. तेव्हा मीच विचारलं, जे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं आणि जे इतके दिवस त्या तिघांना माहीत होतं.

"दादाचं बरोबर निघालं का?"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"चुकला तो," काका म्हणाले.

"ती खाली जातच नाही," मुलगी म्हणाली. "निघते, दारापर्यंत येते, पण तिला उतरावं लागत नाही. भाऊच वर येतो. भुयारातून. एकटा."

मग डॉक्टर म्हणाल्या, दादा मानले नसते. वो भुयार तो बंद पडा था ना? काका म्हणाले, बंद नव्हतं, अर्धं बुजलं होतं, पोरगा ते साफ करत करतच वर येतो, सहाव्यात दिलंय तसं. मुलगी म्हणाली, तेच तर, इतक्या वर्षांचा कचरा एकटं पोरगं किती दिवसांत काढेल? तेही खालून वर! अंगावर नाही पडणार? दादाकाकांनी लेखकाला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं असतं. "आणि म्हटलं असतं," काका त्याचा आवाज काढत म्हणाले, "आधी मागची शिफ्ट काय करून गेली ते दाखव." कोणीतरी हसलं. मला वाटतं मीच हसले, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मुलगी सुटली. शेवट तिला मान्य नव्हता. भाऊ वर आला, बहीण भेटली, सगळ्यांचे डोळे भरून आले. पण खालचं शहर तसंच राहिलं. आता भुयारं कोण झाडणार? खालच्यांनी श्वास कसा घ्यायचा? सात पुस्तकं वाचायला लावून हे विचारायची तसदी त्यानं घेतली नाही. काका म्हणत होते, भावाला तरी वर आणलं ना. डॉक्टर म्हणत होत्या, शेवटचं प्रकरण तेवढं नीट आहे, बाकी काढून टाकलं तरी चालेल. तिघांचेही आवाज चढले. इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलणं होतं. चहा गार झाला, पुन्हा करावा लागला. मी मधे एकदा मुलीच्या बाजूने बोलले. हवेचा प्रश्न दादानं पहिल्याच पुस्तकात काढला होता, याची आठवण करून दिली. ती म्हणाली, मग, मी तेच तर सांगतेय.

परतताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली. तो गेल्यापासून त्याच्याबद्दलचं जे जे कोणी बोललं ते मला आधीच माहीत होतं. तेरवीला बोललेलं, कामावरच्या लोकांनी सांगितलेलं, काटोलच्या शेजाऱ्यांनी सांगितलेलं. तो चुकला होता, हे नवीन होतं. घरी जाऊन त्याला सांगावं असं वाटलं, तो काय म्हणेल तेही माहीत होतं. लेखकच चुकला, म्हणाला असता.

महिनाअखेरीस मुलगी पुण्याला गेली. जाताना तिची सातही पुस्तकं दवाखान्याच्या कपाटात ठेवून गेली, घर बदलताना वजन नको म्हणून. रविवारी आता आम्ही तिघं असतो. कधी कधी दुसऱ्याच पुस्तकावर बोलणं होतं. काकांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायला सुरुवात केली आहे, गुडघ्यांमुळे वाकून खाली ठेवता येत नाही म्हणून.

चौथं पुस्तक दादाच्या कपाटात आहे. कार्ड त्यात तिथेच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग मी मुलीच्या प्रतीतून वाचला आणि डॉक्टरांकडून नवीन कार्ड घेतलं. शेवट माहीत असल्यामुळे घाई नाही. सध्या ते कार्ड पाचव्या पुस्तकात आहे. सगळ्यांत मागे मी आहे.